नानांच्या बोटांची टक्केवारी

नानांची दोन बोटं मंगळवारी दुपारी गेली. मला ते शनिवारी कळलं. मी त्यांच्याच घरात, वरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहत होते. कामावर अपघात झाला तर विम्यातून काय मिळतं याची पत्रकं लिहायची आणि कारखान्यांच्या गेटवर वाटायची, हे माझं काम होतं. दोन वर्षं मी ते जळगावभर करत होते. माझ्या खोलीच्या बरोबर खाली ते पोचलं नव्हतं.

मधले चार दिवस अक्का, म्हणजे नानांची बायको, रोज जिन्याशी भेटायच्या. नाना दिसत नाहीत, असं विचारलं की सांगायच्या, "नाना गावले जायेल शेत." गाव म्हणजे भडगावजवळचं, गिरणेकाठचं. तिथे नानांचं आता कोणी राहिलं नव्हतं, आणि जमीन तर आधीपासूनच नव्हती. मला शंका यायला हवी होती. आली नाही. त्या आठवड्यात मी 'कामगारा, तुझा हक्क ओळख' या मथळ्याचं पत्रक लिहिण्यात गुंतले होते.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या शेठची गाडी गल्लीत शिरली. आमच्या गल्लीत चारचाकी आली की आधी दोन मोटारसायकली आणि एक हातगाडी हलवावी लागते. ते सगळं हललं. शेठ स्वतः उतरले. नानांना हाताला धरून, म्हणजे चांगल्या हाताला धरून, ओट्यापर्यंत आणलं. दुसरा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. शेठनी सफरचंदांची पिशवी अक्कांच्या हाती दिली आणि म्हणाले, "काळजी करू नका वहिनी. दवाखान्याचं बिल सगळं मी भरलंय. आणि नानांची हजेरी चालू आहे. एक दिवसही खाडा लागणार नाही."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. गाडी मागे घेताना हातगाडी पुन्हा हलवावी लागली.

मी जिना उतरले. "नाना, काय झालं?"

"काही नही. थोडंसं लागनं."

"थोडंसं म्हणजे?"

"दोन बोटं."

नाना बारा वर्षं चटईच्या कारखान्यात होते. प्लास्टिकच्या चटया. जळगावात त्या इतक्या बनतात की आमच्या गल्लीत लग्नात आहेर म्हणूनही चटईच देतात. त्यांचं काम विणायच्या मशीनवर होतं. त्या मंगळवारी ग्राइंडरवरचा माणूस आला नव्हता. ग्राइंडर म्हणजे चटईचे वाया गेलेले तुकडे चिरून पुन्हा वापरायला बारीक करणारं यंत्र. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. ती काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की तुकडे अडकतात आणि काम मंदावतं. जाळी नसली की तुकडे अडकत नाहीत. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मुळापासून गेली. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट डॉक्टरांनी शिवून वाचवलं. वाचवलं म्हणजे ते जागेवर होतं. वाकत नव्हतं.

मी दवाखान्याची फाइल मागितली. त्यात केसपेपरवर स्पष्ट लिहिलं होतं: शेतात कडबाकुट्टीत हात गेल्याने इजा.

"कोणती कडबाकुट्टी?" मी विचारलं.

नाना पत्र्याकडे बघायला लागले. "शेठ बोलनात डॉक्टरले. मी बेसूद व्हतू."

अक्का म्हणाल्या, "आपली तं म्हैस बी नही."

इथे मला नियम सांगितलाच पाहिजे, कारण त्या दिवशी मी तो नानांना सांगितला तेव्हा ते ऐकत नव्हते, आणि कोणीतरी ऐकावा असं मला अजून वाटतं. महिना एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का विम्याला कापतात, मालक त्यात सव्वातीन टक्के घालतो. काम करताना इजा झाली तर कामगार पहिल्या दिवसापासून पात्र. सकाळी कामाला लागला आणि दुपारी हात गेला, तरी पात्र. काम करता येत नाही तोपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम विमा देतो. अवयव कायमचा गेला तर डॉक्टरांचं एक बोर्ड बसतं. माणसाची कमाईची ताकद किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं, आणि तेवढ्या टक्क्यांची रक्कम जन्मभर, दर महिन्याला बँकेत येते. ती मालकाच्या खिशातून येत नाही. मालकाने फक्त एक काम करायचं असतं. अपघात झाला असं कागदावर लिहून कळवायचं.

आणि तेवढंच तो करत नाही. कारण कागदावर अपघात आला की चौकशी येते. चौकशी आली की जाळी कुठे आहे असं कोणीतरी विचारतं. म्हणून कडबाकुट्टी. म्हणून सफरचंद.

हे मी बरंच मोठ्याने सांगितलं. गल्लीतली दोन घरं बाहेर आली. "नाना, हजेरी चालू ठेवली म्हणजे काय केलं, कळतंय का? तुम्ही कामावर होता असं लिहिलं. म्हणजे अपघात झालाच नाही. दोन बोटं कागदावर जागेवर आहेत तुमची!"

"मंग बरंच शे ना," नाना म्हणाले.

"उद्या शेठनं काढून टाकलं तर?"

"कसाले काढी? बारा वरीस झायात."

"अर्ज करू या. मी लिहिते."

तेव्हा नाना पहिल्यांदा चिडले. "जो मानूस सफरचंद लई उना, त्यावर केस करू का मी?"

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते औषधाच्या बाटलीखाली ठेवलं, ओट्यावर डाग पडू नये म्हणून.

दीड महिन्याने ते कामावर गेले. मशीनवर काम जमणार नव्हतं, म्हणून शेठनी गेटवर स्टूल दिलं. आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. पेन धरता येत नव्हतं. मग नाना नंबर तोंडपाठ करायचे आणि शिफ्ट संपताना क्लार्कला सांगायचे. तीस-पस्तीस गाड्या. एकही चुकत नसे, असं अक्का कौतुकाने सांगायच्या. सुपरवायझरने मात्र नानांना सांगितलं होतं की गेटची व्यवस्था दिवाळीपर्यंत आहे. पुढचं पुढे बघू. नानांनी हे अक्कांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही नळावर पाणी भरताना, भांडं वाजत असताना.

म्हणजे आता गोष्ट एवढीच उरली होती: दिवाळीनंतर नानांना काय मिळणार? विम्याचा अर्ज केला नाही, तर काही नाही. मी हे तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. शेठनं माणुसकी दखाडी, हे त्यांचं एकच वाक्य. माझ्याकडे त्यावर आठ मुद्दे होते. एकही चालला नाही.

चाललं ते वेगळंच.

पगाराच्या दिवशी नाना क्लार्कच्या टेबलाशी गेले. पगार बँकेत जमा होत असला तरी रजिस्टरवर सही लागते. नाना म्हणाले, अंगठा देतो, या महिन्यात पेन धरता येत नाही. क्लार्क म्हणाला, "नाना, तुमची सही झालेली आहे." आणि त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं. मागच्या महिन्याचीही होती. ज्या महिन्यात हात पट्टीत होता, त्या महिन्याची.

नाना तिशीत सही करायला शिकले होते. गावच्या शाळेत प्रौढांचा वर्ग निघाला होता, तिथे पाटीवर गिरवून. त्या आधी ते अंगठा देत. सही आल्यावर त्यांनी खिशाला पेन लावायला सुरुवात केली, ती सवय कधी सोडली नाही. कारखान्यात अंगठा देणाऱ्यांची रांग वेगळी असे आणि नाना त्या रांगेत नसत, हे त्यांच्या बोलण्यात वर्षातून दोनदा तरी यायचं. हे सगळं मला नंतर अक्कांनी सांगितलं. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच की नाना पहिल्यांदाच माझा जिना चढून वर आले. दारातच उभे राहिले.

"मनी सही कोनी करी?"

"काय झालं नाना?"

"मना हात पट्टीमा व्हता आनि मनी सही कोनी करी? मन्हापेक्षा चांगली करेल शे!"

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"तुना तो कागद कोठे शे?"

"कोणता?"

"अर्जना."

दोन वर्षं मी पत्रकांत पिळवणूक, हक्क, संघर्ष असे शब्द वापरत होते. सहीबद्दल मी एक ओळही लिहिलेली नव्हती.

अर्ज झाला. खाली अंगठ्यासाठी शाईचा पॅड मी पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला आणि डाव्या हातात पेन धरलं. दहा मिनिटं लागली. सही कागदाच्या रेघेवरून खाली उतरत गेली आणि शेवटचं अक्षर तारखेच्या चौकटीत गेलं. मी दुसरा कागद घेऊ का असं विचारलं नाही.

विमा कार्यालयातल्या खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज वाचला, कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकला आणि म्हणाले, "यांचे मागच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवस भरत नाहीत. नाही बसत."

बारा वर्षं रोज कामावर जाणाऱ्या माणसाचे दिवस भरत नव्हते, कारण मालकाने सहामाहीतले साडेतीन महिने त्यांना कामावर दाखवलंच नव्हतं. मधेच नाव काढायचं, मधेच घालायचं. पण तो संताप मी बाजूला ठेवला, कारण इथे मला उत्तर पाठ होतं.

"साहेब, अठ्ठ्याहत्तर दिवस आजारपणाला लागतात. तापाला. कामावरच्या इजेला दिवसांची अट नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग नानांच्या हाताकडे. मग शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना विचारलं. बाई फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती."

"मग अपघाताचा रिपोर्ट कुठे आहे मालकाचा?"

"तोच तर नाही."

"मग चौकशी लागेल."

"लावा की."

साहेब वाईट नव्हते. त्यांना असं बोलणारं माणूस क्वचित भेटत असावं. त्यांनी शिक्का मारला.

चौकशी अधिकारी कारखान्यात गेले त्या दिवशी नाना गेटवरच होते, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या गाडीचाही नंबर त्यांनी पाठ केला. मला आत येऊ दिलं, कारण अर्जावर माझं नाव मदतनीस म्हणून होतं. क्लार्कने हजेरीचं रजिस्टर आणून ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर अभिमान होता. "बघा साहेब, नानांचा एक दिवस खाडा नाही. शेठनी पूर्ण पगार दिलाय. असा मालक मिळणार नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. अपघाताच्या मंगळवारी नाना सकाळी आठ ते चार हजर. मग त्यांनी दवाखान्याचा केसपेपर शेजारी ठेवला. त्याच मंगळवारी दुपारी तीन वाजता भडगाव तालुक्यात, शेतात, कडबाकुट्टी.

"म्हणजे हे गृहस्थ तीन वाजता इथे चटई विणत होते आणि तेव्हाच भडगावला कडबा तोडत होते?"

क्लार्क शेठच्या केबिनच्या दाराकडे बघायला लागला.

"आणि बुधवारी दवाखान्यात. बुधवारी इथे हजर. गुरुवारी ऑपरेशन. गुरुवारी इथे हजर." ते पान उलटत राहिले. "ही सही कोणाची?"

"नानांची."

"कोणत्या हाताने केली?"

मला आयुष्यात इतकं छान वाक्य अजून सुचलेलं नाही. शेठनी कडबाकुट्टीचं खोटं अपघात लपवायला सांगितलं होतं, आणि हजेरीचं खोटं, मला आता वाटतं, खरंच नानांच्या भल्यासाठी. आमच्याकडे मालक चांगला म्हणजे हजेरी चालू ठेवणारा, अशीच व्याख्या आहे. दोन्ही खोटी एकाच टेबलावर आली आणि त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं. वाईट मालक असता, नानांना बिनपगारी घरी बसवलं असतं, तर कडबाकुट्टी कदाचित टिकली असती.

त्या संध्याकाळी शेठ घरी आले. या वेळी चालत. ओट्यावर बसले. म्हणाले, "नाना, मी तुमचं काही वाईट केलं का?"

मी जिन्यावर होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं, चांगलं दीड पानांचं. नाना आधी बोलले.

"नही शेठ. तुमी चांगलंच करं. पन सही माले इचारीसन करनी व्हती."

शेठनी चहा घेतला आणि गेले. कारखान्याला पुढे नोटीस गेली असं ऐकलं. नोटीशीचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. ग्राइंडरला जाळी लागली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

अपघात मान्य झाला. आता प्रश्न टक्क्यांचा होता. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर वीस टक्के, असं नियमाच्या तक्त्यातच छापलेलं आहे. तीन गेली तर तीस. त्याला कोणी हात लावू शकत नाही. पण नानांचं तिसरं बोट गेलेलं नव्हतं, ताठ झालं होतं. ताठ बोट तक्त्यात नाही. ते बोर्डाने बघून ठरवायचं. आणि टक्के कशाचे? मजुरीच्या नव्वद टक्क्यांचे. नानांना हातात रोजचे साडेपाचशे पडत होते. कागदावर मालकाने चारशे दाखवले होते, उरलेले कुठल्याशा भत्त्यात. चारशेचे नव्वद टक्के तीनशे साठ. त्याचे वीस टक्के बहात्तर रुपये. मी हा हिशोब अक्कांना करून दाखवला तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं.

"रविवारना बी?"

"रविवारचेही."

त्यांनी समाधानाने मान हलवली. दीडशे रुपये रोज कागदावरून गायब झाले होते त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं. पगार कमी दाखवल्याची वेगळी तक्रार मी केली आहे. ती अजून चालू आहे.

बोर्ड धुळ्याला बसणार होतं. धुळं माझं माहेरगाव, त्यामुळे मी जरा जास्तच आत्मविश्वासात होते. सकाळची एसटी पकडली. जळगाव सोडल्यापासून पारोळ्यापर्यंत मी नानांची तयारी करून घेतली.

"डॉक्टर विचारतील, काय त्रास होतो. तुम्ही काय सांगणार?"

"सांगसू."

"काय सांगणार?"

"जे शे ते."

"पेन धरता येत नाही, हे सांगायचं. बटण लागत नाही, हे सांगायचं. बरं आहे म्हणायचं नाही. अजिबात नाही."

"हं," नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर कपाशी बघत बसले.

मला भीती होती ती उगाच नव्हती. आमच्याकडे मोठ्या माणसाने कसं काय विचारलं की खरं सांगणं हा उद्धटपणा समजतात. सलाइन लावलेला माणूससुद्धा भेटायला आलेल्याला 'बरं शे' म्हणतो आणि वर त्यालाच चहा घेऊन जा म्हणतो. साहेबाने विचारलं तर विचारूच नका. साहेबाने विचारलं हाच मान. त्याला रडगाणं ऐकवायचं नसतं.

बोर्डात तीन डॉक्टर होते, एक टेबल, एक खुर्ची. सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धं उघडं होतं, कारण त्याची कडी बसत नव्हती. मी आणि अक्का बाकावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काय त्रास होतो?"

"काही नही साहेब."

मी डोळे मिटले.

"हे बोट वाकतं?"

"वाकस थोडं थोडं."

वाकत नव्हतं.

"पेन धरता येतं?"

"येस ना."

"रोजची कामं?"

"व्हतस साहेब. बठ्ठं बरं शे. तुमनी किरपा."

आत कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. तेवढ्यात माझ्या शेजारचा बाक हलला. अक्का उठल्या होत्या. त्यांनी दार ढकललं आणि सरळ टेबलापर्यंत गेल्या.

"साहेब, यास्ले इचारू नका. माले इचारा."

"तुम्ही कोण?"

"यासनी बायको."

"बाई, बाहेर थांबा."

"थांबसू. पन पहिले ऐकी ल्या. यासना शर्टन्या गुंड्या मी लावस. नाडी मी बांधस. भाकर मोडता येत नही, डावा हातघाई खातस. लोकेस्मा जेवाले बसतस नहीत, लाज वाटस म्हनीसन. भाचीना लगनले गयात नहीत. पोट दुखस सांगं."

"तू चूप बस," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"धुळ्याले उनूत ते चूप बसाले का?"

मधले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी लिहिणं थांबवलं. त्यांनी आपलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "नाना, हे उचला बरं."

नानांनी हात पुढे केला. पेन अंगठ्याला लागून घरंगळलं, टेबलाच्या कडेला गेलं आणि खाली पडलं. ते डॉक्टरांनीच वाकून उचललं.

"शर्टाचं वरचं बटण काढा आणि लावा."

बटण निघालं. लागलं नाही. नाना प्रयत्न करत राहिले. मी दारात होते आणि मला तिथे नसायला हवं होतं असं वाटत होतं. मग अक्कांनी हात पुढे केला आणि बटण लावलं, रोज लावत असतील तसं, त्यांच्याकडे न बघता. डॉक्टरांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं.

परतीच्या एसटीत नाना खिडकीशी बसले, मधे मी, आणि कडेला अक्का. ही जागा मला कोणी दिली नव्हती, तशीच राहिली होती. पारोळ्याला गाडी थांबली. अक्कांनी खाली उतरून भजी आणली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. नानांनी बराच वेळ तो बघितला.

"आते बठ्ठं धुळं माहीत पडनं," ते म्हणाले.

"तीन डॉक्टर होते, नाना."

"तीन बी काय कमी शेत?"

मग त्यांनी डाव्या हाताने एक भजं उचललं. गाडी पूर्ण भरलेली होती आणि समोरच्या सीटवर दोन माणसं आमच्याकडेच तोंड करून बसली होती. नाना त्यांच्यासमोर खात होते. अक्कांनी ते पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आदेश आला. पंचवीस टक्के. रोजचे नव्वद रुपये, अपघाताच्या दिवसापासून नव्हे, तर बोर्डाच्या हिशोबाने जी तारीख धरली तिच्यापासून, आणि पुढे कायम. मी वाचून दाखवलं. वाचताना मला खूप काही म्हणायचं होतं. खरा पगार दाखवला असता तर हेच सव्वाशेच्या जवळ गेलं असतं. दोन बोटं आणि एक ताठ बोट, बारा वर्षं नोकरी, आणि उत्तर नव्वद रुपये. यात भाजी येते, औषध येतं, घर चालत नाही. हे मी सगळं म्हणाले. पत्रकातही लिहिलं, ठळक टाइपात.

गेटचं काम दिवाळीनंतर गेलं, सुपरवायझरने सांगितलं होतं तसंच. नव्वद रुपये मात्र शेठला विचारून येत नव्हते.

आदेश वाचून झाल्यावर नानांनी विचारलं, "जनमभर म्हंजे कितला दिवस?"

"तुम्ही आहात तोवर."

"आनि मंग? ईले भेटी का?"

"नाही. अपघातातच माणूस गेला असता तर बायकोला मिळालं असतं. असं असेल तर तुम्ही गेलात की बंद."

मी हे नेहमीच्या सपाट आवाजात सांगितलं, कारण नियम असाच आहे, आणि मग मला कळलं की मी काय बोलले. नाना आदेशाच्या कागदाकडे बघत राहिले.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी थोडा विचार केला.

"मंग यास्ले जिवत ठेवनं पडी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नानांची तंबाखूची पुडी शोधून काढली आणि चुलीत घातली. नाना माझ्याकडे आले. असं करता येतं का, नियमात काही आहे का, विचारायला लागले. मी सगळा नियम पुन्हा चाळला. त्यात नानांच्या बाजूने काही निघालं नाही.